पाण्यावरचा वाचक

हिवाळा हा वाचनाचा ऋतू होय ही समजूत ज्या मुलुखांतून आपल्याकडे आली, तेथे बर्फाने वाटा बंद होतात, चार वाजताच दिवस मावळतो आणि शेकोटीजवळ बसून जाडजूड कादंबरी वाचण्यावाचून घरातल्या वाढत्या वयाच्या मुलांना दुसरा उद्योग उरत नाही. जालना जिल्ह्यात मात्र मार्गशीर्ष लागला की उद्योगाला ऊत येतो. कपाशीची वेचणी उरकलेली नसते, तूर वाळत आलेली असते, शाळूच्या कणसांत चीक भरू लागतो, गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यावयाचे असते. आणि मंठा, परतूर, घनसावंगीकडच्या कित्येक गावांतून ‘कोयते’ ऊसतोडीसाठी केव्हाच बाहेर पडलेले असतात. कोयता म्हणजे येथे हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी. दोन जिवांना एका हत्याराच्या नावाने मोजण्याचा हा शिरस्ता ज्या कोणा मुकादमाने पाडला, त्याच्या हिशेबात त्या जोडीमागून धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन निघालेली चौदा वर्षांची मुलगी मुळीच धरलेली नाही. तिचे नाव शाळेच्या हजेरीपटावर असते आणि ती स्वतः कारखान्याच्या हद्दीतल्या एका कोपीत असते. तेव्हा थंडीत वाचण्याजोग्या नव्या किशोरकादंबऱ्यांची यादी कोणी माझ्याकडे मागितली, म्हणजे माझे मन यादीकडे न वळता त्या वाचकाकडेच वळते.

हा वाचक कोणत्या नावाचा, हेही आपण नीटसे ठरवलेले नाही. जुन्या संस्कृत टीकाकारांनी वयाची वाटणी मोठ्या काटेकोरपणे केलेली आहे: पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पंधराव्यापर्यंत कैशोर आणि तेथून पुढे यौवन. मराठीने त्यातला ‘पौगंड’ उचलून थेट मिसरूड फुटण्याच्या वयावर नेऊन बसवला. ‘किशोर’ हे नाव बालभारतीने १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू केलेल्या मासिकामुळे घरोघरी पोचले. पण तालुक्याच्या ग्रंथालयात जाऊन पाहावे, तर कपाटे बहुधा दोनच, एक मुलांचे आणि एक मोठ्यांचे. पंधरा वर्षांचा मुलगा पहिल्यासमोर उभा राहायला लाजतो आणि दुसऱ्यासमोर त्याला कोणी उभे राहू देत नाही.

नवे लेखन होत नाही असे मात्र म्हणता यावयाचे नाही. साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांत २०१९ ते २०२४ ह्या सहा वर्षांत मराठीतला मान चार वेळा कादंबरीला मिळाला: सलीम मुल्लांची ‘जंगल खजिन्याचा शोध’, संजय वाघांची ‘जोकर बनला किंगमेकर’, संगीता बर्व्यांची ‘पियूची वही’ आणि २०२४ साली भारत सासण्यांची ‘समशेर आणि भूतबंगला’. सासण्यांचा जन्म १९५१ सालचा, जालन्याचा. प्रौढांसाठी दीर्घकथेचा गूढ, अंधारा प्रदेश आयुष्यभर धुंडाळलेल्या आणि २०२२ साली उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेल्या ह्या लेखकाने पोरांसाठी भूतबंगला उभारण्यात कमीपणा मानला नाही, ही गोष्ट मला पुरस्काराहून मोलाची वाटते. जालन्याच्या पोराला भूतबंगला म्हणजे काय हे समजावून सांगावेही लागत नाही. १८२७ साली येथे छावणी वसली, कालांतराने ती उठली, आणि साहेबाच्या रिकाम्या बंगल्यात रात्री दिवा कोण लावते ह्याची खात्रीलायक माहिती असलेला एक तरी मुलगा आमच्या वर्गात दरसाल असेच.

परंतु बंगल्यातल्या भुताला भिण्याचे वय आणि सोसायटीच्या थकबाकीला भिण्याचे वय ही आमच्याकडे एकाच मुलात नांदतात, आणि दुसऱ्या भीतीविषयी आमच्या कुमारकादंबऱ्या बहुतेक मौन पाळतात. ज्या पुस्तकांनी ते मौन मोडले ती मुलांच्या कपाटात टिकली तरी किंवा मुळात तेथे गेलीच नाहीत तरी, मुलांनी ती आपलीशी केली. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलेल्या ‘श्यामची आई’त अश्रू फार आहेत हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्या अश्रूंखाली सावकाराचा तगादा आणि घरादारावर येणारी जप्ती आहे, आणि ती कोवळ्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन (‘वनवास’, १९९४) आईवडिलांपासून दूर, आजीच्या घरी वाढतो, आणि मोठ्यांनी परस्पर ठरवून टाकलेल्या ह्या गोष्टीचा अर्थ तो स्वतःच्याच चमत्कारिक भाषेत लावीत बसतो. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त (२००४) नववीतल्या मुकुंदाचे प्रेम फुलते तेव्हा बाहेर आणीबाणी असते. मोठ्यांचे जग ह्या मुलांच्या अंगावर येऊन आदळते आणि त्यांच्या परवानगीची वाट पाहत नाही. वनवास आणि शाळा ही पुस्तके तर मोठ्यांच्या कपाटातली.

गेल्या पौषात बदनापूर तालुक्यातल्या एका स्नेह्याच्या शेतावर मी मुक्कामाला होतो. हुरड्याची आगटी विझत आली, मंडळी गोधड्यांत शिरली, आणि दहाच्या सुमारास लाईट आली तसा त्यांचा दहावीतला मुलगा कानटोपी ओढून, खांद्यावर फावडे टाकून गव्हाला पाणी द्यायला निघाला. आमच्याकडे ह्याला दारे धरणे म्हणतात: दांडाचे पाणी एका वाफ्यात सोडावयाचे, तो भरेपर्यंत थांबावयाचे, मग त्याचे तोंड मातीने बुजवून पुढल्या वाफ्याचे फोडावयाचे, असे पहाटेपर्यंत. मधल्या थांब्यात तो स्टार्टरच्या पेटीवरच्या दिव्याखाली पोत्यावर बसे आणि मी आणलेला ‘वनवास’ वाची. बोटे चिखलाची, म्हणून पाने मनगटाच्या कडेने उलटी. पाणी काठाला आल्याचे त्याला कानांनी कळे; भरत्या वाफ्याचा आवाज बदलतो म्हणे. वाक्य अर्धवट टाकून तो उठे आणि परत येऊन त्याच शब्दापासून पुढे जाई. प्रकरण किती लांब असावे ह्यावर आजवर पुष्कळ साहित्यचर्चा मी ऐकली आहे, पण एक वाफा भरायला लागतो तेवढे, हे माप त्या रात्री प्रथमच माझ्या ध्यानात आले.

पहाटे चहा घेताना त्याने विचारले, “काका, हा लंपन पुढं त्याच्या मायबापाकडं जातो का हो?”

आणखी तीन पुस्तके आहेत, एवढेच मी सांगितले. ती मिळवायला मला शहरातली दुकाने पालथी घालावी लागली, आणि एका दुकानदाराने ‘मुलांसाठी’ म्हणताच मला रंगवायच्या वह्या दाखवल्या. ‘वनवास’ फेब्रुवारीअखेर, बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर, परत आला. मुखपृष्ठ पुसून स्वच्छ केलेले होते. आत मात्र निम्म्याच्या थोडे पुढे दोन पाने वाळलेल्या काळ्या मातीने एकमेकांना चिकटली होती, आणि ती सोडवण्याचा प्रयत्न कोणी केलेला दिसत नव्हता. तेवढी दोन पाने वाचायची राहिली असावीत. त्या वाफ्याला पाणी लवकर भरले असेल.