भिंतीमागचा ढोल

विसर्जनाच्या रात्री सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या माजघरात बसलं की लक्ष्मी रस्त्यावरचा ढोल दबका ऐकू येतो. तरी तो जोरात वाजतोय हे कळतंच. मधल्या भिंतींचा हिशेब कान परस्पर करतो. पेट स्कॅनचं यंत्रही तेच करतं.

२००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला आणि या स्कॅनसाठी लागणारी किरणोत्सारी साखर इथेच बनू लागली. शिरेतून दिलेली ही साखर अधाशी पेशी ओढून घेतात, तिथून गॅमा किरणांच्या जोड्या विरुद्ध दिशांना सुटतात. बहुतेक वाटेतच गळतात: ३० सेंटीमीटर जाडीच्या अंगातून १८ जोड्यांमागे जेमतेम एक शाबूत निघते. म्हणून कच्च्या चित्रात कातडी उजळ, फुप्फुसं उजळ आणि पोटातली खोल गाठ फिकी. ती हुकू नये म्हणून सीटीवरून हाड, मांस, हवा यांचा नकाशा घेऊन गळती भरून काढतात. पुस्तकात ही क्षीणन-दुरुस्ती, स्कॅनच्या खोलीत नुसती 'एसी' (खोली गार करणारा तो वेगळा). गंमत म्हणजे गाठ किती खोल आहे हे ठाऊक असावं लागत नाही. एक किरण कमी चालला तर जोडीदार तेवढाच जास्त चालतो, बेरीज तीच.

पण नकाशा चुकला तर? केमोसाठी गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेला पोर्ट घ्या. सीटीला तो धातू फारच दाट दिसतो, यंत्र प्रत्यक्षात नसलेली जाड भिंत गृहीत धरतं आणि तिथे ठिपका पेटतो. श्वासाचंही तसंच. सीटी काही सेकंदांत उरकते, पेट कित्येक मिनिटं चालतं. तेवढ्यात छाती-पोटामधला पडदा वरखाली होतो आणि यकृताच्या माथ्यावरची गाठ फुप्फुसात असल्यासारखी दिसू शकते.

म्हणून मला तो डॉक्टर भरवशाचा वाटतो, जो ठिपका दिसताच शेजारी कच्चं चित्र उघडतो. दुरुस्त चित्रात पोर्टभोवती लाल. कच्च्यात काहीच नाही. खालचा यकृताजवळचा ठिपका मात्र दोन्हीकडे, कच्च्यात अंधूक.

गाठीने साखर किती ओढली याचा रिपोर्टवर 'एसयूव्ही' म्हणून जो आकडा छापतात, तोही या दुरुस्तीतूनच आलेला. आपण तो वजनकाट्यावरचा समजतो. बाहेर बाकावर प्रश्न एकच असतो: "मागच्या वेळी सहा होता ना, आता किती आला?"