छापील मराठी पानाची पुढची वाट

मराठी पानाची मांडणी करताना सर्वांत आधी दोन ओळींमधल्या जागेचा निकाल लावावा लागतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असा तीन मजली कारभार असतो. ‘मूर्तींच्या’ या एकाच शब्दात ‘म’च्या पायाशी दीर्घ उकार लोंबतो आणि ‘त’च्या डोक्यावर वेलांटी, रफार व अनुस्वार दाटी करतात. मांडणीसाठी वापरली जाणारी सॉफ्टवेअर मात्र रोमन अक्षर समोर ठेवून घडलेली. त्यांतल्या इनडिझाइनमध्ये काहीच बदलले नाही, तर १० पॉइंटांच्या अक्षराला १२ पॉइंटांची ओळ मिळते. तेवढ्या जागेत वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर टेकतो. १४-१५ पॉइंट दिले की तेच पान सुटसुटीत होते. मराठी पुस्तक वाचताना डोळे शिणतात ते पुष्कळदा एवढ्यामुळेच. कागदाचा आणि शाईचा त्यात फारसा दोष नसतो.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात ही गुंतागुंत कारागिरांनी हाताने सोडवली. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६४ साली टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. काना, मात्रा, जोडाक्षरे धरून देवनागरीला शेकडो खिळे लागत, तरीही तिथल्या अक्षरांचे वळण पुढे अनेक पिढ्यांना आदर्श वाटले. १९९०च्या दशकात संगणकावरची मांडणी, म्हणजे डीटीपी, सर्वत्र पसरली तेव्हा फॉन्टमध्ये जेमतेम २५६ जागा होत्या. अक्षरे तोडून त्या जागांत कोंबली गेली आणि प्रत्येक कंपनीने आपापला क्रम लावला. त्याचा भुर्दंड प्रकाशक अजून भरत आहेत. मूळ फॉन्ट नसेल तर त्या काळातली फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. रूपांतर केले तर अनेकदा रफार आणि जोडाक्षरे निसटतात. नव्या आवृत्तीसाठी अख्खे पुस्तक पुन्हा टाइप करून पुन्हा तपासावे लागते.

या गोंधळावर उपाय ठरली युनिकोड ही सर्वांसाठी एकच क्रम लावणारी पद्धत; तिच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पुढे फॉन्ट घडवण्याच्या ओपनटाइप तंत्राने जोडाक्षरांवरची मर्यादा उठवली. अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांच्या हातून मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे फॉन्ट सर्वांना विनामूल्य खुले केले. मराठी अक्षराला इतके स्वातंत्र्य याआधी कधीच नव्हते. मात्र यांतल्या बऱ्याच अक्षरांची पहिली परीक्षा पडद्यावर होते. सारख्या जाडीच्या रेषा आणि अक्षराचे मोकळे पोट हे गुण मोबाइलवर उपकारक ठरतात. तीनशे पानांच्या कादंबरीला बोरूच्या वळणातून आलेला जाड-बारीक रेषांचा चढउतार हवा असतो. नजर त्याच्या आधाराने पुढे सरकते. सलग वाचनासाठी घडवलेले मराठी फॉन्ट मोजकेच आहेत, आणि छापील मांडणीच्या भवितव्यातला सर्वांत मोठा अडसर हाच आहे.

हिंदीहून वेगळ्या, मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ यांचाही प्रश्न आहेच. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून ही वळणे प्रमाण ठरवली. अनेक फॉन्टमध्ये ती असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली तरच उमटतात. ही निवड राहून गेली की मराठी पुस्तक हिंदी वळणात छापले जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

बातमी, वेळापत्रक, जाहीर सूचना हे बरेचसे फोनवर गेले. ते परत येणार नाही आणि त्याची खंत करण्याचेही कारण नाही. कागदाकडे उरते ते जागेवर पक्के असलेले पान. पडद्यावरचा मजकूर उपकरणाप्रमाणे आणि वाचणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे आकार बदलतो. छापील पानावर चित्र कुठे, कोरी जागा किती, हे कुणीतरी विचारपूर्वक ठरवलेले असते. १९७३ पासून निघणारे ‘कालनिर्णय’ ॲपमध्येही मिळते, तरी भिंतीवरचा अख्खा महिना सगळे घर एका नजरेत पाहते. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली काढलेल्या दिवाळी अंकापासून चालत आलेली परंपरा आणि चित्रकार दीनानाथ दलाल यांची ‘दीपावली’ अंकावरची मुखपृष्ठे यांचेही बळ त्याच ठरवलेपणात आहे. आज मुखपृष्ठ पडद्यावर रंगते आणि तिथला झळाळता केशरी चार शायांच्या छपाईत मंदावतो. म्हणून छापील प्रूफ पाहिल्याशिवाय रंग पक्का करणे धोक्याचेच.

डिजिटल छपाईत प्लेट लागत नाही, त्यामुळे शंभर-दोनशे प्रतींचे पुस्तकही परवडू लागले आहे. बोलीभाषेतला कथासंग्रह किंवा एखाद्या गावाचा इतिहास यामुळे छापून होतो, हा मोठाच लाभ. अशा पुस्तकांची बांधणी बहुधा डिंकाची असते; आतला समास तोकडा ठेवला की ओळींची टोके कण्याकडच्या घडीत गडप होतात.

यापुढे एकच मजकूर फोनसाठी आणि कागदासाठी असा दोनदा मांडावा लागणार. फाइल युनिकोडमध्ये, मथळे आणि परिच्छेद यांच्या ठरलेल्या शैलींसह तयार झाली, तर हे काम आवाक्यातले आहे. पण मराठीत मांडणीचा मोबदला अजून बहुधा पानामागे मोजला जातो. त्या दरात ओळींमधली जागा पारखायला, योग्य अक्षर शोधायला आणि प्रूफ काढून पाहायला वेळच उरत नाही. हा वेळ पुस्तकाच्या खर्चात प्रकाशकांनी सुरुवातीलाच धरायला हवा.