जंत कुणाचे?

पोर झोपेत दात खाऊ लागलं की आमच्या मुरबाडकडच्या गावांत निदान ठरलेलं. "गूळ खातंय सारखा, जंत झाले." म्हणजे दोष पोराचा आणि गुळाचा. आमची आजी वावडिंग द्यायची, वर दोन शब्द सुनवायची. हा न्याय मला कधी पटला नाही. गुळातून जंत होत नाहीत.

गोल जंत काय, अंकुशकृमी काय, पोटात मोठे होतात, पण तिथल्या तिथं त्यांची पिलावळ वाढत नाही. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, पण ती विष्ठेवाटे बाहेर पडून मातीत दोन-तीन आठवडे मुरावी लागतात. मग हाताला, भाजीला लागून तोंडात जातात. अंकुशकृमीची अळी तर ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. म्हणजे पोराच्या पोटात जंत झाले, तर कुणाची तरी घाण त्याच्यापर्यंत पोचली, एवढं नक्की.

मग माझ्या अंगातून जे बाहेर पडलं, ते कुठवर माझं? शेजारी बांधाला वीतभर सरकला तर आपण कोर्टात जातो. ओढ्याकाठी टाकून आलेल्याचा सातबारा मात्र कुणाच्याच नावे नसतो. कणकवलीच्या गोपुरी आश्रमातले अप्पासाहेब पटवर्धन मैल्याचं सोनखत करा म्हणत राहिले. तुरुंगात सफाईचं काम हट्टानं मागून घेणारा माणूस तो. आपण त्यांना हार घातला, काम तसंच राहिलं.

शहरातल्यांना वाटेल, हे खेड्यातलं. वालधुनी अंबरनाथ, उल्हासनगर करत कल्याणला येते तेव्हा तिचा रंग बघावा. रुळांकडेला सांडपाण्यावर पिकलेली पालेभाजी लोकलमधून रोज दिसते. खेड्यातला पाठ फिरवली की सुटतो, डोंबिवलीतला बटण दाबलं की.

आषाढात वाडीवरच्या बाया दिवसभर चिखलात वाकून लावणी करतात. गमबूट गाळात रुततो, त्यात काम होत नाही, हे खरं. पण बांधावर छत्री घेऊन उभा असलेला मालक म्हणतो, "त्यांना सवय असते." अंगात रक्त नाही म्हणून बाईला धाप लागते, तिला सवय कशी म्हणायची? आणि "हल्ली मजुरांत दम नाही" असं म्हणणाराही तोच.

२०१५ पासून सरकारचा जंतनाशक दिन असतो. १ ते १९ वर्षांच्या पोरांना अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात, तपासणी न करता सगळ्यांना. एखादी आई विचारते, "माझ्या पोराला काही झालं नाही, मग गोळी कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण जंत असूनही पुष्कळांना काही जाणवत नाही, आणि त्याच्या पोटातली अंडी दुसऱ्याच्या अंगणात जातात. शेजारच्या पोरासाठीही ती गोळी आहे. फक्त ती पोट साफ करते, माती नाही. म्हणून सहा महिन्यांनी परत. मोठ्यांनी नासवलेल्या मातीपायी गोळी चावायची ती पोरांनी. एकोणीस ओलांडलेल्या लावणीवालीचं नाव तर त्या शाळेच्या यादीत नसतंच.