गनी

कलकत्त्याला, खिदिरपूरच्या गोदीपाशी या. मनानेच या.

समोर हुगळी आहे. गढूळ, रुंद, संथ. समुद्र इथून बराच लांब, तरी त्याची भरती इथवर पोचते. पाणी चढतं. पाणी उतरतं.

श्वास आत घ्या. सोडा. घाई नाही.

गोदीच्या तोंडाशी मोठे दरवाजे आहेत. ओहोटीला नदी खाली जाते, पण दारांआडचं पाणी जहाजांना तोलून धरतं. १८९२ साली ही गोदी सुरू झाली. कलकत्त्याचा ताग इथून जगभर जाऊ लागला.

आज एकच इंग्रजी शब्द घेऊन बसू या. गमतीदार शब्दांच्या लांबलचक याद्या मिळतात. त्या पाठ होतात, आणि संध्याकाळपर्यंत विरून जातात. मला एक शब्द पुरतो.

शब्द आहे गनी.

ओठांतल्या ओठांत म्हणा. गनी. फनीचा धाकटा भाऊ वाटतो ना? हसू आलं तर येऊ द्या. हसू येऊन गेलं की शब्द जवळ सरकतो.

आता डोळे मिटा. धक्क्यावर एक पोतं उभं आहे. तागाचं, सोनेरी तपकिरी. गनी म्हणजे हेच.

त्यावर तळहात ठेवा. खरखर जाणवते. उभा धागा, आडवा धागा, मध्ये बारीक भोकं. बोट फिरवा. कूस टोचते.

वास घ्या. थोडा तेलाचा, थोडा धुळीचा. या वासाआड एक जुना वास आहे: साचलेल्या पाण्यात कुजत ठेवलेल्या तागाच्या काड्यांचा. काड्या कुजल्याशिवाय तंतू सुटत नाही.

इथेच थांबा. दोन श्वास.

आता त्याच पोत्याला आपल्या घरातल्या नावाने हाक मारा.

गोणी.

पुन्हा म्हणा. गोणी. मग गनी. मग गोणी.

हो, तोच शब्द आहे. ऑक्सफर्डचा कोश गनीचं मूळ सांगताना मराठी गोणीकडे जातो आणि तिच्यामागे संस्कृतातल्या गोणीकडे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून हा शब्द इंग्रजीत आहे. खिदिरपूरच्या गोदीच्या कितीतरी आधीपासून.

हे कळल्यावर छातीत काय होतं, ते पाहा. अभिमान असेल, नुसतं नवल असेल. मला तर मायाच वाटते. नाव काही देऊ नका. फक्त पाहा.

मग जिभेकडे लक्ष न्या. गोणी म्हणताना ओठ गोल होतात. ण येतो तेव्हा जीभ मागे वळते, टाळूला लागते, सुटते. गनी म्हणताना ओठ सैल राहतात. जीभ वळत नाही, पुढेच टेकते.

सावकाश करून पाहा. वळलेली जीभ. सरळ जीभ.

बंगालीतही ण लिहितात, पण बोलताना त्याचा न होतो. गोदीच्या या काठावर कान लावलात तर ण क्वचितच ऐकू येईल. पोत्याला इथला बंगाली माणूस बस्ता म्हणतो, बिहारकडून आलेला हमाल बोरा. आणि पोतं ज्या तागाचं आहे त्याचं इंग्रजी नाव, जूट, ते बंगालीतून गेलेलं. बंगाली तंतू, मराठी पोतं. इंग्रजीत दोघं शेजारी राहतात.

असे शब्द दोन माणसांनी वर्षानुवर्षं पत्रांतून एकमेकांना कळवले. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल. त्यांचा हॉबसन-जॉबसन हा कोश १८८६ साली निघाला. बर्नेल १८८२ सालीच गेले होते. उरलेलं काम यूलनी एकट्याने पुरं केलं. त्या कोशात गनी आहे. एका पोत्याच्या नावासाठी कोणीतरी इतका वेळ बसलं, याचा विचार करत थोडं थांबा.

श्वास आत. श्वास बाहेर.

अजून बसावंसं वाटत असेल तर दुसरा शब्द घ्या. टिंडल. भारतीय खलाशांच्या टोळीतला, सारंगाच्या म्हणजे टोळीप्रमुखाच्या हाताखालचा अधिकारी. खिदिरपूरला लागणाऱ्या जहाजांवर हे पद होतं.

टिंडल. म्हणा. मग थांबा, आणि जिभेला कोकणच्या किनाऱ्याकडे वळू द्या. तिथे होडीच्या म्होरक्याला काय म्हणतात, आठवा.

तांडेल.

मी आणखी काही सांगत नाही. हा शब्द तुमच्या तोंडात तुम्हीच घोळवा.