आधी तो तक्ता काढ

बस. मोबाइल पालथा ठेव, वाजला तरी उचलायचा नाही. परवा तुझ्या घरीच बोलणार होते; पण बायकोसमोर बोलले असते तर त्या पोरीला वाटलं असतं, चूक तिचीच. चूक तुझी आहे, म्हणून एकट्याला बोलावलं.

फ्रिजवर तक्ता लावलायस. सहा, दहा, दोन, सहा, दहा. दुधाला हिरवी शाई, झोपेला निळी, आणि लाल कशाला, तर ‘वेळ चुकली’ म्हणून. पाच आठवड्यांच्या मुलीला लाल शेरे! लाल शाईच्या बाबतीत माझा हात किती सैल होता हे तुझ्या वहीला माहीत आहे. पण माझे विद्यार्थी निदान मान धरायला तरी शिकलेले असायचे.

मी आले तेव्हा पावणेदहा झाले होते. मुलगी मूठ तोंडात कोंबून चोखत होती, मान इकडून तिकडे वळवत होती, आजीच्या पदरात तोंड खुपसून शोधत होती. तिच्या आईला पान्हा फुटलेला, कुडत्यावर दोन्हीकडे ओले डाग. ती बिचारी ओढणी पुढे घेऊन बसलेली, आणि तू घड्याळाकडे बघत मला सांगतोस, “पंधराच मिनिटं, बाई. सवय लागायला हवी.” दहा वाजेपर्यंत मुलगी रडून लालबुंद झाली. मग अंगावर घेतली तर तिला धड तोंडात धरता येईना. पाच मिनिटांत दमून झोपली. आणि तू पेन काढून लिहिलंस, ‘दूध कमी घेतलं’.

नोंद अचूक, निष्कर्ष साफ चुकीचा. नववीत प्रयोगवहीत हेच करायचास.

तिने कमी घेतलं नाही, तू उशिरा दिलंस. मूठ चोखणं, ओठ चाटणं, तोंड उघडून शोधणं ही भूक लागल्याची खबर असते. रडणं फार नंतरचं. रडून दमलेलं मूल नीट ओढत नाही, हवा गिळतं, चार घोट पिऊन झोपतं आणि तासाभरात पुन्हा उठतं. मग तुम्ही सगळे म्हणता, हिला सवयच लागत नाही. लागतेय की सवय! आधी आकांत करायचा, मग दूध मिळतं, ही.

या वयाचं, अंगावर पिणारं मूल चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पितं. तुझ्या तक्त्यात घरं पाच. रात्री दहा ते सकाळी सहा कोरं. मुलगी दोनला उठते तेव्हा तू म्हणे ट्यूबलाइट लावतोस, तिला खांद्यावर टाकतोस आणि मोबाइलवर गाणी लावून हॉलमध्ये फेऱ्या मारतोस, कारण ‘रात्रीचं दूध तोडायचंय’. महिन्याभराच्या मुलीचं? अरे, आईचं दूध मागणीप्रमाणे बनतं. बाळ जितकं ओढेल, छाती जितकी रिकामी होईल, तितकं नवं दूध भराभर तयार होतं. भरलेली छाती तशीच ताटकळत ठेवली की शरीर समजतं, इतक्याची गरज नाही, आणि हात आखडता घेतं. दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं. रात्रीचं पाजणं तोडशील तर महिन्याभरात बायको म्हणेल, ‘मला दूधच पुरत नाही’, तुझी आई म्हणेल, ‘आमच्या वेळी असं नव्हतं’, आणि तू दुकानातून पावडरचा डबा घेऊन येशील. त्या डब्यांची जाहिरात करायला या देशात 1992 च्या कायद्याने बंदी आहे. तुझ्यासारखे तक्तेवाले असताना जाहिरातीची गरज तरी काय?

आणि हो, दोन्हीकडे दहा-दहा मिनिटं वाटून देणं बंद. एका बाजूचं पुरतं पिऊन तिने आपणहून सोडू दे, मग दुसरी बाजू. पिता पिता शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश जास्त असतो, आणि नेमका तोच तू घड्याळ लावून तोडतोस.

चार तासांचा हट्ट आला कुठून तेही ऐक, कारण तू तो मोबाइलमधल्या अ‍ॅपमधून उचलून ‘शास्त्रीय’ म्हणून माझ्या तोंडावर फेकलास. न्यूझीलंडमध्ये फ्रेडरिक ट्रूबी किंग नावाचे डॉक्टर होते. एका मनोरुग्णालयाचे अधीक्षक. तिथल्या शेतावर त्यांनी वासरांच्या आहाराचे प्रयोग केले होते. 1907 साली त्यांनी ड्युनेडिनला माता-बालकांसाठी संस्था काढली. अंगावरच्या दुधाचा त्यांनी आग्रह धरला, ते चांगलंच केलं. पण त्याबरोबर चार-चार तासांची शिस्त, रात्री दूध नाही, उगाच उचलून घेणं नाही, हेही देशोदेशी पसरलं. पुढे अमेरिकेत जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने 1928 मध्ये आईबापांना बजावलं की मुलांना कुरवाळू नका, सकाळी हस्तांदोलन करा! 1946 मध्ये डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं पुस्तक आलं, तेव्हा कुठे आयांना जरा धीर मिळाला. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते ते अगदी सरळ आहे : बाळ मागेल तेव्हा पाजा, दिवसा आणि रात्रीही. तुझ्या अ‍ॅपमधलं नवं शास्त्र शंभर वर्षांचं शिळं आहे.

मान हलवू नकोस, पुढचं ऐक. शिस्त नको असं मी म्हणेन का? ती कुठून सुरू होते ते तुला कळलेलं नाही. तुमच्याकडे मालीश-अंघोळीला मावशी येतात. रोज साडेआठला. तेलाचा हात, कोमट पाणी, कोरडं दुपटं, मग आईची छाती, मग दोन तास गाढ झोप. त्या घरात नेमाने होणारी गोष्ट ती एकच, आणि तुझ्या तक्त्यात तिलाच रकाना नाही. मुलीला साडेआठ कळत नाहीत, पण एकामागून एक काय येतं ते हळूहळू ओळखीचं होत जातं. तसाच क्रम संध्याकाळीही लाव. दिवे मंद, अंग पुसून झबलं बदलायचं, पाजायचं, ढेकर काढायची, अंगाई, आणि अंथरूण. घड्याळ अर्धा तास मागेपुढे झालं तरी चालेल, क्रम मोडायचा नाही. तीन-चार महिन्यांची झाली की वेळा आपोआप दिसायला लागतील, तेव्हा काय ते लिहून ठेव.

झोपेचंही तुम्ही उलटंच करून ठेवलंय. या वयात चोवीस तासांत 14 ते 17 तास झोप होते, पण तुकड्यातुकड्यांनी. दिवस-रात्रीची लय सांभाळणारं मेलाटोनिन तिच्या स्वतःच्या शरीरात वेळेवर पाझरायला दोन-तीन महिने जातात. तोवर रात्र कुठली आणि दिवस कुठला हे तिला तुम्ही दाखवायचं. तुमच्याकडे काय? दिवसा पडदे ओढलेले, बेलचा सेल काढलेला, मिक्सर बंद, सगळं घर कुजबुजतंय. आणि रात्री दोनला ट्यूबलाइट आणि गाणी. तिने काय समजावं? उद्यापासून सकाळी पडदे उघड, कुकरच्या शिट्ट्या होऊ देत, तिच्याशी मोठ्याने बोला. रात्री मात्र मिणमिणता दिवा, बोलणं नाही, हसवणं-खेळवणं नाही. पाजायचं, शी केली असेल तर लंगोट बदलायचा, पुन्हा अंथरुणावर.

आणखी एक. झोपेत ती कण्हते, तोंड वेडंवाकडं करते, हात उडवते. तान्ह्या बाळाची निम्मी झोप अशीच चुळबुळीची असते. तू पहिल्या हुंकाराला तिला उचलतोस, म्हणजे झोपलेलं मूल उठवतोस कोण? थांबायचं असतं ते इथे, मिनिटभर. भुकेल्या मुलीला थांबवायचं नसतं.

डोक्याखालची मोहरीची उशी काढ. डोकं गोल होण्यापेक्षा श्वास मोकळा असणं महत्त्वाचं. मूल उताणं झोपवायचं, सपाट, घट्ट गादीवर, आसपास उशा-लोड-गोधड्या काही नको. तुमच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर.

आता तुझ्या आईविषयी. त्यांच्याशी मी बोलावं म्हणालास, तर नाही, तूच बोलायचं. गुटीत झोपेसाठी जायफळाचा वेढा देतात, मुलगी निपचित पडते आणि घरात सगळ्यांना बरं वाटतं. ती झोप नव्हे रे, ती गुंगी. ते बंद. मधाचं बोट एक वर्षापर्यंत अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. ऊन वाढलंय म्हणून चमच्याने पाणी, तेही नाही. सहा महिने आईच्या दुधात पाणी पुरेसं असतं. अंघोळीनंतरची धुरी बंद, तिच्या छातीत धूर कशाला? संध्याकाळी ती दोन तास किरकिरते, सारखी प्यायला मागते, त्यावर दृष्ट काढायची तर खुशाल काढू दे, मीठ-मोहऱ्या बाळापासून लांब जाळल्या की झालं. सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणं कळसाला जातं आणि मग ओसरतं, हे मात्र त्यांना समजावून सांग. तुझं काय होतं ठाऊक आहे? आई चुकते तिथे तू गप्प बसतोस, आणि बायको बरोबर असते तिथे घड्याळ दाखवतोस.

दूध पुरतंय की नाही याची काळजी वाटते ना? ती रास्त आहे. मग बघायचं ते बघ. दिवसभरात सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले होतात का? आठवड्याला 150 ते 200 ग्रॅम वजन वाढतंय का? पिऊन झाल्यावर मुठी सैल सुटतात का? तर सगळं ठीक. पिणं टाकलं, मलूल पडली, लंगोट कोरडे राहायला लागले किंवा ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइटला पोचला, तर मला नाही, डॉक्टरांना फोन करायचा, ताबडतोब, मध्यरात्र असली तरी.

तक्त्याची एवढीच हौस असेल तर तुझा स्वतःचा लाव. प्रत्येक पाजण्यानंतर ढेकर काढणं तुझं. लंगोट तुझे. रात्री ती पाजायला बसली की उशाशी पाण्याचा तांब्या आणि अळिवाचा लाडू ठेवणं तुझं. दुपारी एक ते चार बघायला येणाऱ्यांना दार उघडायचं नाही, कोणाची आत्या असो की मामी, आणि त्या वेळात बायको झोपली पाहिजे. घरून काम करतोस ना? मग मीटिंगमध्येही मूल खांद्यावर बसतं. कामावरून काढतील म्हणतोस? काढणार नाहीत. शाळेत वर्गाबाहेर काढलं तरी तू किती निर्लज्जपणे खिडकीतून हसत उभा राहायचास, ते मी पाहिलंय.

पुढच्या आठवड्यात दीड महिन्याचे डोस आहेत. त्या दिवशी किरकिरेल, सारखी छातीशी मागेल. मागू दे. टोचायच्या आधी वजन करून घे, झबलं-लंगोट काढून, आणि आकडा कार्डावर लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. संध्याकाळी मला फोन कर. आकडा सांग, प्रस्तावना नको.