गेज न लावता पाना उचललास कसा?

उभा राहा. आणि बाकीच्यांनीही नीट ऐका, कारण हीच चूक तुमच्यातला प्रत्येक जण उद्या करू शकतो.

22 मजली इमारत, तिसरा मजला. डक्टमधला पीआरव्ही, म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, रात्रंदिवस घुमतो, डोळ्याला डोळा लागत नाही, अशी घरातल्या आजींची तक्रार. तू गेलास, लॉकनट सैल केलास आणि वरचा स्क्रू आवळत सुटलास. आवाज थांबला, पैसे घेतलेस, खाली उतरलास. पुढे काही दिवसांतच पहाटे बेसिनखालची कनेक्शनची नळी फुटली आणि घरभर पाणी झालं. त्यावर तू मला सांगतोस, ‘सर, आवाज तर मी बंद केला होता.’

कसा बंद झाला, याचा विचार केलास? तो स्क्रू आवळला की स्प्रिंग दाबली जाते. स्प्रिंग डायफ्रॅमला खाली रेटते आणि सीटवरची फट मोठी होते. फट मोठी झाली की पाणी कमी घुसमटतं, म्हणून आवाज बसतो. पण त्याच फटीतून गच्चीवरच्या टाकीचा दाब थेट घरात उतरतो. ज्या दाबाला अडवण्यासाठी तो व्हॉल्व्ह बसवला होता, त्याच दाबाला तू दार उघडून दिलंस.

दहा मीटर उंच पाण्याचा दाब एक किलो, हे तुम्हाला पहिल्याच महिन्यात फळ्यावर लिहून दिलं होतं. एका मजल्याचे तीन मीटर धर. तिसऱ्या मजल्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत साधारण 60 मीटर. म्हणजे व्हॉल्व्हच्या तोंडाशी सहा किलो. घरात हवेत दोन ते तीन. हा हिशोब तुला जिन्यात उभ्या उभ्या करता आला असता. केला नाहीस. खिशात गेज होतं, तेही लावलं नाहीस. मग कशाच्या भरवशावर पाना उचललास?

आता आवाजाचं ऐक. व्हॉल्व्ह घुमतो त्याला कारण असतं, आणि तो कधी घुमतो हे विचारल्याशिवाय कारण सापडत नाही. नळ अगदी बारीक सोडल्यावर थरथरत असेल, तर व्हॉल्व्ह बहुधा गरजेपेक्षा मोठ्या मापाचा बसवलाय; त्याची सीट केसाएवढी उघडते आणि फडफडते. पूर्ण धारेला आत खडी भरल्यासारखा आवाज येत असेल, तर दाब एकदम फार उतरतोय. त्या फटीत पाण्याचे बुडबुडे होतात, पुढे जाऊन फुटतात आणि सीटचा धातू कुरतडतात. बरेच उत्पादक तीनास एक या प्रमाणाच्या आत राहायला सांगतात ते याचसाठी. सहाचे दोन चालतील. सहाचा दीड करायचा असेल तर दोन टप्प्यांत, दोन व्हॉल्व्ह लावून करा. वॉशिंग मशीनचं पाणी थांबताच ठोका बसत असेल, तर तो धावत्या पाण्याचा धक्का आहे. पाइपाचे क्लॅम्प तपासा, मशीनजवळ धक्का शोषणारा अरेस्टर लावा. आणि घरात सगळे नळ बंद असताना सूं आवाज येत असेल, तर कुठेतरी पाणी गळतंय. आधी फ्लशची टाकी बघा.

यातला एक तरी प्रश्न आजींना विचारलास?

काल मी स्वतः जाऊन तो व्हॉल्व्ह उघडला. जाळीत वाळू खच्चून भरलेली होती आणि सीटवर टेफ्लॉन टेपचा तुकडा अडकला होता. सोसायटीची टाकी नुकतीच धुतली होती, हे खाली बसलेल्या वॉचमनने मी न विचारताच सांगितलं. जाळी धुतली, टेप काढला, वॉशरला चर पडला होता म्हणून तो बदलला, गेज लावून अडीच किलोवर आणला. आता व्हॉल्व्ह शांत आहे. ज्या कामाला एक वॉशर पुरला असता, त्यापायी तू एका घराचं सामान भिजवलंस.

सगळ्यांनी वहीत लिहून घ्या. आधी दोन्ही बाजूंचा दाब मोजायचा, नळ बंद ठेवून आणि नळ सोडून. नळ बंद असताना पुढचा काटा हळूहळू चढत राहिला, तर सीट पाणी सोडतेय. काटा फक्त गीझर लावल्यावर चढला, तर गरम पाणी फुगतंय. 25 लिटरच्या गीझरमधलं पाणी 25 अंशांवरून 70 अंशांवर गेलं की जवळजवळ अर्धा लिटर वाढतं, आणि बंद लाइनमध्ये त्याला जायला जागा नसते. अशा वेळी गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो. तो ठिबकतोय म्हणून त्याला बूच मारणाऱ्याला मी या वर्गात बसू देणार नाही.

व्हॉल्व्ह उघडण्याआधी मागचा-पुढचा कॉक बंद करायचा, नळ सोडून लाइनमधला दाब काढायचा, स्क्रू पूर्ण सैल करायचा. दाबलेल्या स्प्रिंगवरचं झाकण खोललं तर ते तोंडावर येतं. जाळी, सीट, वॉशर, डायफ्रॅम बघून झाल्यावर जोडणी करायची. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी, काट्यावर नजर ठेवून, पाव-पाव फेरा.

तुझा हात चांगला आहे. तुझ्याइतकी सरळ चुडी या बॅचमध्ये कोणी पाडत नाही, म्हणूनच राग येतो. घरमालकाला भिंतीआडचं काही दिसत नाही. तो तुझ्या शब्दावर विसंबून रात्री झोपतो. तो विश्वास तू न मोजता खर्च केलास.

आज संध्याकाळी त्या घरी जा. आजींची माफी माग, घेतलेले पैसे परत कर, फुटलेली नळी स्वतःच्या खर्चाने बदल. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि बाकीच्या कनेक्शनच्या नळ्याही तपास. दोन्ही बाजूंचे दाब वहीत लिहून उद्या सकाळी माझ्या टेबलावर ठेव. ते आकडे मी पाहीपर्यंत तुझी हत्यारांची पेटी माझ्या कपाटात राहील; तपासणीपुरता एक पाना आणि गेज घेऊन जा.