निकालानंतरची हुरहूर

एखादी रंगलेली कसोटी मालिका संपली, की क्रिकेटचे वेड असणारी माणसे ज्या मनःस्थितीला ‘चुकल्याचुकल्यासारखे वाटते’ एवढ्याच शब्दांत वाट करून देतात, तिचा विचार अधिक गांभीर्याने व्हावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. तिला दुःख म्हणावे, तर ज्याचा पक्ष जिंकला त्यालाही ते होते. सुख म्हणावे, तर त्याच्या तळाशी काहीतरी हिरावले गेल्याची जाणीव असते. आणि विशेष असे, की निकाल एकदाचा लागावा म्हणून ज्याने आठवडेच्या आठवडे जिवाची घालमेल करून घेतली, त्याचेच मन निकाल लागताच आणखी एक सामना उरायला हवा होता असे म्हणू लागते. ऑस्ट्रेलियातील सामन्यांसाठी ज्याने पहाटेच्या अंधारात उठून रेडिओला कान लावला आहे, त्याला मालिका संपल्यानंतरची पहिली पहाट ठाऊक आहे: ठरल्या वेळी जाग येते, आणि जागे होण्याचे प्रयोजन मात्र उरलेले नसते. इच्छा पूर्ण झाली असता मनुष्याने कष्टी का व्हावे, हा त्यातला खरा प्रश्न आहे, आणि तो मैदानापुरता मर्यादित नाही.

या प्रश्नाचा विचार करताना माझ्यापुढे १९६०-६१ ची ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांच्यातील मालिका उभी राहते. तिच्या दोनच वर्षे आधी, डिसेंबर १९५८ मध्ये, ब्रिस्बेनच्या मैदानावर इंग्लंडच्या फलंदाजांनी अख्ख्या दिवसात १०६ धावा केल्या होत्या आणि ट्रेव्हर बेली यांनी आपल्या पन्नास धावांसाठी ३५७ मिनिटे खर्ची घातली होती. कसोटी क्रिकेटचे दिवस भरले, असे जाणकारही म्हणू लागले होते. अशा वेळी फ्रँक वॉरेल आपला संघ घेऊन ऑस्ट्रेलियात उतरले. वेस्ट इंडीजच्या संघाचे संपूर्ण मालिकेसाठी नेतृत्व करण्याचा मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय कर्णधार. आणि तो मान त्यांना मिळावा म्हणून त्रिनिदादमध्ये सी. एल. आर. जेम्स यांना आपल्या वृत्तपत्रातून चळवळ करावी लागली होती, यावरून वेस्ट इंडीजच्या क्रिकेटचा कारभार तोवर कोणत्या समजुतींवर चालत असे, हे ध्यानात यावे. समोर रिची बेनॉ होते, आणि खेळ हा हरण्याच्या भयाने खेळायचा नाही याविषयी दोघा कर्णधारांचे एकमत होते.

पहिली कसोटी ब्रिस्बेनला झाली. शेवटच्या दिवशी, १४ डिसेंबरला, अखेरचे षटक टाकण्यासाठी वेस हॉल यांनी चेंडू हाती घेतला, तेव्हा ऑस्ट्रेलियाला जिंकण्यासाठी सहा धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. आठ चेंडूंच्या त्या षटकात बेनॉ झेलबाद झाले. कॉनराड हंट यांनी सीमारेषेवरून केलेल्या फेकीवर ग्राउट धावबाद झाले. आणि धावसंख्या समान असताना सातव्या चेंडूवर क्लाइन यांनी चेंडू लेगकडे तटवून धाव घेतली, तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या जो सॉलोमन यांना नेम धरण्यासाठी जेमतेम एका यष्टीची रुंदी दिसत होती. त्यांनी ती अचूक उडवली, मेकिफ धावबाद झाले, आणि १८७७ साली सुरू झालेल्या कसोटी क्रिकेटच्या दप्तरात पहिल्यानेच एक सामना बरोबरीत सुटल्याची नोंद झाली. दोन्ही संघांच्या दोन डावांची बेरीज ७३७ इतकी नेमकी समान होती. मैदानात त्या वेळी सुमारे चार हजार माणसे होती.

पुढे मेलबर्नची कसोटी ऑस्ट्रेलियाने जिंकली, सिडनीची वेस्ट इंडीजने. ॲडलेडला मॅके आणि क्लाइन या ऑस्ट्रेलियाच्या अखेरच्या जोडीने दीड तासाहून अधिक काळ तग धरला, आणि हॉल यांचा शेवटचा चेंडू मॅके यांनी बॅट मध्ये न आणता सरळ अंगावर घेऊन पराभव टाळला. पाचव्या कसोटीसाठी सारे पुन्हा मेलबर्नला आले, तेव्हा ११ फेब्रुवारीच्या शनिवारी त्या मैदानात ९०,८०० प्रेक्षक होते. तो सामनाही शेवटपर्यंत कोणाचा हे कळू नये असाच झाला. विजयासाठी २५८ धावा हव्या असताना, ७ बाद २५४ वर, ग्राउट यांनी व्हॅलेंटाइन यांचा चेंडू मागे कापला आणि दोन धावा काढल्या. पण त्या क्षणी यष्टीवरची बेल खाली पडलेली होती. ती कशी पडली याचा पुरावा पंचांजवळ नव्हता, म्हणून संशयाचा फायदा फलंदाजाला मिळाला. ग्राउट त्यानंतर लगेच बाद झाले, मार्टिन यांनी एक धाव काढून बरोबरी साधली, आणि अखेरची धाव बायची, म्हणजे कोणत्याच फलंदाजाच्या नावावर न जमा होणारी, निघाली. ऑस्ट्रेलियाने मालिका २-१ अशी जिंकली. समारंभात वॉरेल यांनी आपली टोपी, आपला टाय आणि आपले ब्लेझर बेनॉ यांच्या स्वाधीन केले.

त्यानंतर जे घडले ते मला या सर्वांहून विचार करण्याजोगे वाटते. सामने संपले होते. फैसला झाला होता, आणि तो ऑस्ट्रेलियाच्या बाजूने झाला होता. तरीही उघड्या मोटारींतून वेस्ट इंडीजचे खेळाडू निरोप घेण्यासाठी निघाले, तेव्हा मेलबर्नच्या रस्त्यांवर लाखो माणसे उतरली. वाहतूक थांबली, लोक टाळ्या वाजवत होते, हात हलवत होते, आणि मोटारीतल्या गड्यांच्या डोळ्यांत पाणी होते. जेत्या नगराने पराभूत पाहुण्यांना असा निरोप दिल्याचे उदाहरण मला तरी दुसरे आठवत नाही. ज्या देशाचे धोरण त्या काळी गोऱ्यांखेरीज इतरांना वस्तीसाठी येऊ देत नव्हते, त्या देशात हे घडले, हेही सांगितले पाहिजे. आणि त्या मिरवणुकीने ते धोरण दुसऱ्या दिवशी बदलले नाही, हेही.

या लाखो माणसांच्या अंतःकरणात जे होते, त्याला काय म्हणावे? बौद्ध दर्शन म्हणेल, की जे जे संस्कृत, म्हणजे घटकांनी घडलेले, ते ते अनित्य; सुखाचे परिवर्तन हेही दुःखच; आणि त्याचे मूळ तृष्णेत आहे. गीतेचा आधार घेणारा म्हणेल, की ही फलासक्ती होय. प्रेक्षकाविषयी हा आरोप वरवर पाहता बळकट आहे, किंबहुना खेळाडूपेक्षाही अधिक बळकट. कारण गीतेने कर्माचा अधिकार देऊन फळाची आस सोडायला सांगितली, आणि प्रेक्षकाच्या वाट्याला कर्म मुळीच आलेले नसते, केवळ फळाची आस तेवढी आलेली असते. मुण्डकोपनिषदात एका वृक्षावरचे जे दोन पक्षी वर्णिले आहेत, त्यांतील फळ न खाता नुसता पाहणारा पक्षी म्हणजे आपण, अशी त्याची समजूत होण्याचा संभव आहे. परंतु चेंडू हवेत असताना ज्याच्या मुठी आवळलेल्या असतात, तो साक्षी नव्हे, भोक्ताच होय.

हे सारे मी मान्य करतो. पण मालिका चालू असेपर्यंतच. आसक्तीचा नियम असा, की तिला फळ मिळाले की ती शमते किंवा दुसऱ्या फळाकडे वळते, आणि फळ हुकले की ती चरफडते. या हिशेबाने मेलबर्नकरांनी विजयाचा उत्सव करायला हवा होता आणि पाहुण्यांना विसरायला हवे होते. घडले ते निराळे. म्हणजे निकालापूर्वीची व्याकुळता आणि निकालानंतरची हुरहूर या दोन भिन्न जातींच्या वृत्ती आहेत, आणि पहिलीवरचा आरोप दुसरीवर लादणे न्यायाचे नाही.

या दुसऱ्या वृत्तीचा उलगडा मला दर्शनांपेक्षा साहित्यशास्त्रात अधिक सापडतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्तांनी नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांतील एक म्हणजे आपल्याच सुखदुःखाच्या अधीन होणे, आणि दुसरे, हे माझे आणि ते परक्याचे, या देशकालाने बांधलेल्या भेदात गुंतून पडणे. भट्टनायकांनी मांडलेली साधारणीकरणाची कल्पना याच अडचणीवरचा तोडगा आहे: नाटकातील शोक कोणा एकाचा न राहता सर्वसाधारण होतो, म्हणूनच तो आस्वाद्य होतो. क्रिकेटच्या प्रेक्षकाला ही दोन्ही विघ्ने पुरेपूर ग्रासतात. आपला संघ आणि त्यांचा संघ हा भेद त्याने सोडला, तर खेळातील निम्मी उत्कंठाच नाहीशी होईल; आणि जोवर तो धरून ठेवला आहे, तोवर सॉलोमन यांची ती फेक ऑस्ट्रेलियन प्रेक्षकाला केवळ आघातच वाटणार. मात्र मालिका संपली, आशा आणि भय या दोहोंचीही मुदत सरली, म्हणजे ही विघ्ने आपोआप दूर होतात. आणि मग तीच फेक, तिच्या सर्व सौंदर्यासह, जिंकणाऱ्याची आणि हरणाऱ्याची सारखीच होते. नाट्यगृहात जे प्रयोग चालू असताना घडते, ते मैदानावर प्रयोग संपल्यावर घडते. प्रेक्षक प्रथमच रसिक होतो, आणि त्याच क्षणी त्याच्यापुढचा रंगमंच रिकामा झालेला असतो. हुरहुरीतील गोडवा रसाचा आहे, आणि कडवटपणा या उशिराचा आहे.

येथे नाटकाशी असलेले साम्य संपते, हे मात्र नजरेआड करू नये. दुष्यन्ताला शकुंतलेची ओळख आजच्या प्रयोगात पटली, तशी ती उद्याच्या प्रयोगातही पटणार आहे. तिथे काही गमावले जात नाही. सॉलोमन यांचा नेम चुकू शकला असता, आणि तो चुकला नाही, हे एकदाच घडले. पुढे १९८६ साली मद्रासला भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील कसोटी बरोबरीत सुटली, पण ती निराळी बरोबरी होती, निराळ्या माणसांची होती. जे अनिश्चित होते ते निश्चित झाले, की ते जगातून गेले. आणि ज्या गोष्टीत खरोखर काही पणाला लागलेले असते, तिच्या जाण्यालाच वियोग म्हणता येते. उलट, १९६०-६१ च्याच हिवाळ्यात भारत आणि पाकिस्तान यांच्यात मुंबई, कानपूर, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली येथे पाच कसोटी झाल्या. दोन्ही पक्षांना पराभवाची इतकी धास्ती होती, की पाचही अनिर्णित राहिल्या, जशा त्यापूर्वीच्या १९५४-५५ च्या मालिकेतील पाचही राहिल्या होत्या. त्या मालिकेच्या समाप्तीने कोणाला हुरहूर लागल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या भक्तिमार्गाने या वृत्तीला दर्शनांहून अधिक आदराने वागवले आहे, असे मला वाटते. आषाढीची वारी पोचते, एकादशी होते, पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, लाह्या-दह्याचा घास एकमेकांच्या मुखी घातला जातो, आणि पालख्या परतीला लागतात. वारकऱ्याची इच्छा पूर्ण झालेली असते. कळसाचे का होईना, दर्शन घडलेले असते. आणि तरी पंढरपूरची वेस ओलांडताना त्याचा कंठ दाटून येतो. या दाटून येण्याला कोणत्याही संताने मोह म्हणून हिणवलेले नाही. तुकोबांनी तर मुक्ती नाकारून पुन्हा गर्भवास मागितला. ज्या परंपरेचा सर्वश्रेष्ठ कवी परत येण्याची मागणी देवापाशी इतक्या उघडपणे रुजू करतो, त्या परंपरेत वाढलेल्या माणसाने मालिका संपल्याच्या हळहळीची लाज बाळगण्याचे कारण नाही. क्रिकेट म्हणजे भक्ती, असे मी म्हणत नाही. पंढरीच्या वाटेचे मोल मैदानाला देण्याची माझी इच्छा नाही. पण प्रेम आणि तृष्णा यांतील भेद ज्या कसोटीने पारखायचा, ती दोन्हीकडे एकच आहे: हवे ते मिळून गेल्यावर मागे काय उरते?

यावर एक आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. हा तुमचा रसिक चार दिवस हळहळतो आणि पाचव्या दिवशी पुढच्या मालिकेचे वेळापत्रक शोधू लागतो. मग ही तृष्णा नव्हे तर काय? काही जणांच्या बाबतीत हे खरे आहे, आणि वर्षाचे बारा महिने मालिकांनी भरून काढणाऱ्या आजच्या व्यवस्थेने त्यांची संख्या वाढवली आहे, याचे मला वाईट वाटते. हळहळ पुरती जाणवण्याआधीच पुढचा सामना समोर येतो, आणि ज्या अवकाशात प्रेक्षकाचा रसिक व्हायचा, तो अवकाशच कापला जातो. तरीही पुन्हा यावे असे वाटणे आणि आणखी हवे असे वाटणे या दोहोंत अंतर आहे. आणखी मागणारा झालेल्या गोष्टीला अपुरी ठरवतो. पुन्हा मागणारा तिला पूर्ण मानूनच मागतो.

वॉरेल यांच्या वर्तनात मला हे अंतर स्पष्ट दिसते. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू डोक्याला लागून भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मृत्यूच्या दारी पोचले, तेव्हा त्यांच्यासाठी चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांच्या बरोबरीने रक्त देणाऱ्यांत प्रतिपक्षाचे वॉरेल होते. ब्रिस्बेनच्या बरोबरीतील चेंडू बसवून जो चषक घडवला गेला, त्याला त्यांचेच नाव देण्यात आले, आणि मेलबर्नला त्यांनी तो आपल्या हातांनी बेनॉ यांना दिला. वेस्ट इंडीजने तो प्रथम जिंकला १९६५ साली, गॅरी सोबर्स यांच्या नेतृत्वाखाली. वॉरेल तेव्हा खेळाडू नव्हते, कर्णधार नव्हते. त्या संघाचे व्यवस्थापक म्हणून ते सामान, प्रवास आणि तालमी यांची व्यवस्था पाहत होते.